स्वमग्न व्यक्तीचं अवघड वागणं: घरच्यांच्या हातात काय असतं

“तो डोकं भिंतीवर आपटायला लागला की काय करायचं?” “ती चावते, ओरबाडते, तेव्हा हात धरून ठेवावेत का?” “एकदा ओरडायला सुरुवात झाली की थांबतच नाही, यावर काही गोळी आहे का?” स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या मुलांचे आणि मोठ्या माणसांचे घरचे लोक तज्ज्ञांकडे जातात ते असे प्रश्न घेऊन. प्रश्न रास्तच आहेत. पण तिन्ही प्रश्न प्रकार सुरू झाल्यानंतरचे आहेत आणि त्या वेळी आपल्या हातात फार थोडं उरलेलं असतं. कोणाला लागू नये एवढं बघायचं आणि ओसरायची वाट बघायची. जे काही करता येतं त्यातलं बरंचसं आधीच्या तासांत करायचं असतं, जेव्हा घरात सगळं ठीक चाललेलं असतं आणि या विषयाचं कोणाला नावही काढावंसं वाटत नाही.

आधी एक समज बाजूला काढू. मारणं, चावणं, स्वतःला इजा करणं, वस्तू फोडणं यांपैकी काहीही स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन केलं, तेव्हापासून मुख्य धागे दोनच राहिले आहेत: इतरांशी संवाद साधण्यातला वेगळेपणा, आणि ठरावीकपणाची, तेच ते करण्याची ओढ. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत या दुसऱ्या धाग्याखाली आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा फार जास्त किंवा फारच कमी परिणाम होणं हेही आलं. मग मारामारी येते कुठून? या वेगळेपणामुळे रोजचं जगणं जिथे अडतं तिथून. पोट दुखतंय हे सांगता येत नाही. टीव्ही, पंखा आणि चार माणसांचं बोलणं एकदम कानावर आदळतं. रोजचा रस्ता आज अचानक बदललेला असतो. ‘ऑटिझम आहे म्हटल्यावर असं करणारच’ हे वाक्य म्हणून घातक आहे. ते एकदा तोंडातून गेलं की कारण शोधणं थांबतं.

दुसरं, प्रत्येक विचित्र वागणं अवघड नसतं. हात फडफडवणं, पुढेमागे झुलणं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं, वस्तू रांगेत लावणं यांनी कोणाचं काय बिघडतं? अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात की याच गोष्टींमुळे त्यांना सावरायला मदत होते. तरीही कितीतरी घरांतली शक्ती ‘हात खाली घे’ म्हणण्यात खर्च होते, कारण पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. माझ्या मते कसोटी सोपी ठेवावी: या वागण्यानं त्याला किंवा दुसऱ्याला इजा होते का? त्यामुळे त्याचं शिकणं, बाहेर जाणं, माणसांत राहणं बंद पडतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते वागणं तसंच राहू द्यावं आणि आपली दमणूक वाचवावी.

वागणं एकच, कारणं चार

या विषयातली सगळ्यात उपयोगी समजूत एका जुन्या अभ्यासातून आली. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचं वेगवेगळ्या परिस्थितींत निरीक्षण केलं. कधी त्यांना काम सांगितलं, कधी इजा केली की लगेच काळजीनं लक्ष दिलं, कधी एकटं ठेवलं, कधी नुसतं खेळू दिलं. बहुतेकांच्या बाबतीत इजा एका विशिष्ट परिस्थितीत ठळकपणे वाढली, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची वेगळी होती. कोणाचं काम सांगितल्यावर वाढायचं, कोणाचं लक्ष मिळाल्यावर, तर कोणाचं एकटं असताना. म्हणजे वागण्याला नाव एकच असलं तरी ते प्रत्येकासाठी करत असलेलं काम निराळं होतं.

समजा, चार मुलं आहेत आणि चौघंही स्वतःच्या कानावर जोरजोरात चापट्या मारतात. पहिला मारतो ते लिहायला बसवलं की. दुसरी मारते ते आई फोनवर बोलायला लागली की. तिसरा मारतो ते हातातला मोबाईल काढून घेतला की. चौथी कधीही मारते, खोलीत कोणी नसतानाही, आणि रात्री जास्त. आता एखाद्यानं सल्ला दिला की असं केलं की पाच मिनिटं शेजारच्या खोलीत एकटं बसवा. पहिल्याला हे बक्षीसच आहे, लिहिणं टळलं; उद्या तो आणखी लवकर चापट्या मारेल. दुसरीच्या चापट्या कदाचित कमी होतील, पण आईशी बोलावंसं वाटलं तर काय करायचं हे तिला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून ती दुसरं काहीतरी शोधून काढेल. तिसऱ्याला मोबाईल मिळालाच नाही, त्यामुळे तो तिकडे जाऊन ओरडेल. आणि चौथीच्या कानात पू झालेला असू शकतो. एकच उपाय एकाला बक्षीस ठरला, एकीला अर्धवट लागू पडला, एकाला निरुपयोगी ठरला आणि एकीवर तो अन्याय झाला. ‘अमक्याच्या मुलाला याचा फायदा झाला’ अशा सल्ल्यांचं काय करायचं, ते यावरून ठरवावं.

कारणं ढोबळमानानं या चारच प्रकारांत बसतात: नकोसं काही टाळायचं असतं, कोणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू किंवा गोष्ट हवी असते, किंवा शरीराच्या आतूनच काहीतरी चाललेलं असतं, म्हणजे वेदना, अस्वस्थता किंवा त्या हालचालीतून मिळणारा आराम. कधी दोन कारणं एकत्रही असतात. यातलं ‘लक्ष वेधण्यासाठी करतो’ हे घरात बऱ्याचदा तक्रारीच्या सुरात म्हटलं जातं, जणू काही तो लबाडी करतोय. आपल्याकडे कोणीतरी बघावं असं सगळ्यांनाच वाटतं. आपण त्यासाठी हाक मारतो. त्याच्याकडे ती हाक नसते.

सुरुवात शरीरापासून

वागणं अचानक बदललं असेल, किंवा आधी कधी नव्हतं ते सुरू झालं असेल, तर शिस्त, शाळा, मोबाईल यांच्या आधी डॉक्टर. बद्धकोष्ठता, दाढदुखी, कानाचा संसर्ग, छातीत जळजळ, डोकेदुखी, मासिक पाळीतली दुखणी ही नेहमीची कारणं आहेत. बोलता न येणाऱ्या माणसाला ‘इथे दुखतंय’ म्हणता येत नाही, पण बोलता येणाऱ्यालाही शरीरातली संवेदना नेमकी कुठली आणि कुठे हे कळणं अवघड जाऊ शकतं. काहींच्या चेहऱ्यावर वेदना दिसतच नाही. जेवण कमी होणं, पोटावर दाबून बसणं, एकाच बाजूनं चावणं, झोपेतून उठून रडणं, हनुवटीवर किंवा कानावर मारणं अशा खुणा बघाव्या लागतात.

अपस्मार, म्हणजे फिट्स, स्वमग्न व्यक्तींमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात आणि त्या अगदी लहान वयात किंवा पौगंडावस्थेत सुरू होण्याची शक्यता अधिक असते. काही फिट्समध्ये माणूस पडत नाही, नुसता काही क्षण शून्यात बघत राहतो. असं काही दिसलं तर मोबाईलवर चित्रण करून न्यूरॉलॉजिस्टना दाखवावं. शब्दांत सांगण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं. झोपेचंही तसंच. रात्री तीन-चार तासच झोपणाऱ्या मुलाच्या दिवसभराच्या चिडचिडीवर वेगळा उपाय शोधत बसण्यात अर्थ नाही, आधी झोपेवर उपचार व्हायला हवेत.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘खूप त्रास देतो’ एवढंच सांगितलं तर बहुधा शांत करणारं औषध मिळतं. ‘आठवड्यापासून डाव्या गालावर मारतो, घन पदार्थ सोडले आहेत’ असं सांगितलं तर तोंडात बघितलं जातं.

तीन रकान्यांची वही

शरीराची तपासणी झाल्यावर वही घ्यावी. तीन रकाने: आधी काय चाललं होतं, मग त्यानं नेमकं काय केलं, आणि नंतर आपण काय केलं. वेळ आणि आदल्या रात्रीची झोप कडेला. नियम एकच, कॅमेऱ्याला जे दिसेल तेवढंच लिहायचं. ‘चिडला’, ‘हट्टीपणा केला’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ‘बूट घालायला सांगितलं, बूट फेकला, ताईच्या दंडाला चावला’ हे दिसतं.

दोन आठवड्यांत बऱ्याचदा काहीतरी उमटायला लागतं. सगळे प्रकार संध्याकाळचे आहेत, किंवा एक गोष्ट संपून दुसरी सुरू होतानाचे आहेत, किंवा घरात लहान बाळ रडत असतानाचे. जे प्रसंग शांतपणे पार पडले तेही लिहावेत. काकांबरोबर गेला तर दुकानात काहीच होत नाही, याचा अर्थ काका काहीतरी वेगळं करतात. ते काय, हे विचारण्यासारखं आहे.

तिसरा रकाना लिहिताना मात्र थोडं बोचतं. ‘नंतर बूट आम्हीच घातले.’ ‘नंतर गृहपाठ बंद केला.’ ‘नंतर मोबाईल दिला.’ यात कोणाचा दोष नाही, दमलेलं माणूस घरातला आवाज थांबवण्यासाठी जे करेल तेच ते आहे. पण त्या वागण्याचा त्याला काय उपयोग होतो, हे याच रकान्यात दिसतं.

त्याच कामाचं दुसरं साधन

आता मुख्य मुद्दा. एखादं वागणं त्याचं काम करत असेल तर ते नुसतं दाबून चालत नाही. तेच काम करणारं दुसरं, सोपं साधन द्यावं लागतं. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी चार मुलांबरोबर हे दाखवलं. ज्यांचं बिनसायचं ते अवघड अभ्यासावर, त्यांना मदत मागणारं एक छोटं वाक्य शिकवलं. ज्यांचं बिनसायचं ते मोठ्यांचं लक्ष कमी झालं की, त्यांना ‘मी नीट करतोय ना?’ असं विचारायला शिकवलं. त्रासदायक वागणं पुष्कळ कमी झालं. महत्त्वाचं पुढे आहे: कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा असा फरक पडला नाही. लक्षासाठी तळमळणाऱ्या मुलाला मदत मागायला शिकवून त्याचं काहीच भागत नव्हतं.

घरात याचं रूप अगदी साधं असू शकतं. बोलता येत असेल तर ‘नको’, ‘थांब’, ‘मदत कर’, ‘इकडे बघ’ असे एकेक शब्द. बोलता येत नसेल तर चित्राचं कार्ड, हाताची खूण, टॅबलेटवरचं बटण. चित्रं किंवा टॅबलेट दिला तर बोलणं मागे पडेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. आजवरच्या संशोधनात तसं आढळलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं त्यानं थोडं पुढे गेलेलं दिसतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली चित्रं देऊन मागण्याची पद्धत आजही जगभर वापरली जाते, आणि स्पीच थेरपिस्ट ती घरच्यांनाही शिकवतात.

हे चालायचं असेल तर नवीन साधन जुन्यापेक्षा सोपं हवं, लवकर चालणारं हवं, आणि सुरुवातीला दर वेळी चालायला हवं. लिहिताना त्यानं ‘थांबा’चं कार्ड दिलं तर त्याच क्षणी लिहिणं थांबायला हवं. ‘एवढी ओळ पूर्ण कर, मग’ असं म्हटलं की कार्ड खोटं ठरतं, आणि चापट्या मात्र अजून खऱ्याच असतात. पालक विचारतात, मग तो दिवसभर कार्डच देत राहिला तर? देईल, काही दिवस देईल. देऊ द्यावं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता काहीतरी थांबवता येतंय. कार्डावर विश्वास बसला की मग ताणायला सुरुवात करायची: एक शब्द आणि सुटका, मग दोन शब्द, मग एक ओळ.

हे शिकवायचं ते शांत वेळी, आणि प्रकार सुरू होण्याच्या जरा आधी. तो आधीच ओरडत असताना कार्ड पुढे केलं तर ओरडलं की कार्ड येतं, असाच धडा मिळतो. वहीतल्या पहिल्या रकान्याचा उपयोग इथे होतो. केव्हा बिनसणार याचा अंदाज असेल तर दोन मिनिटं आधी कार्ड हाताशी ठेवता येतं.

याला जोडून एक गोष्ट, जी मला तंत्रापेक्षाही मोठी वाटते. त्याचं ‘नको’ खरोखर ऐकलं जायला हवं. दात घासणं, औषध घेणं यांना ‘नको’ चालणार नाही, हे खरं. पण काकूंना मिठी मारायला, फोटोसाठी हसायला, चौथा चेंडू टाकायला ‘नको’ का चालू नये? दिवसात दहा साधी ‘नको’ मानली गेली तर अकराव्यासाठी चावायची गरज कमी भासते.

आधीच सोपं करून ठेवणं

पुढे काय होणार हे कळलं की बऱ्याच स्वमग्न लोकांची अर्धी धास्ती जाते. आणि बोललेले शब्द हवेत विरतात, चित्र समोर राहतं. म्हणून दिवसाचा क्रम चित्रांत किंवा शब्दांत भिंतीवर लावायचा, झालेलं काढून टाकायचं. एरिक शॉपलर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये स्वमग्न लोकांना शिकवण्यासाठी उभ्या केलेल्या टीच कार्यक्रमाचा हा कणा आहे. घरी त्याची सगळ्यात छोटी आवृत्ती म्हणजे दोन चित्रं: आधी हे, मग ते. आधी अंघोळ, मग झोका. बदल होणार असेल तर तोही त्या तक्त्यावर दाखवायचा. ‘आज नाही’ अशी खूण असलेलं कार्ड चिकटवलं की नसलेली गोष्टही दिसते. एखादी गोष्ट थांबवण्याआधी पूर्वसूचना द्यावी, आणि जमलं तर ती दिसणारी असावी, वाळूचं घड्याळ किंवा उलटा मोजणारा टायमर.

बोलणं कमी करावं. ‘अरे किती वेळा सांगितलं, उशीर होतोय, ऊठ आता, बूट कुठे टाकलेस’ यात त्याच्यासाठी एकच शब्द होता, बूट. ‘बूट घाल’ म्हणून मनात दहापर्यंत मोजावं. अनेकांना ऐकलेलं उलगडायला वेळ लागतो आणि त्या मधल्या वेळात आपण पुन्हा बोललो की उलगडणं पहिल्यापासून सुरू होतं.

आवाज, उजेड, स्पर्श यांचं घरच्यांना पटायला वेळ लागतो, कारण ते आपल्याला जाणवत नाहीत. कपड्याच्या मानेवरचं लेबल, लुकलुकणारी ट्यूब, मिक्सर, कोणाच्या तरी अत्तराचा वास. कान झाकणारे हेडफोन, लेबल कापलेले कपडे, घरात एक शांत कोपरा, एवढ्यानंही फरक पडतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट यात नेमकं काय लागू पडेल ते सांगू शकतात. ‘सवय व्हायला हवी’ म्हणून मुद्दाम गर्दीत नेणं मला पटत नाही. हळूहळू, त्याच्या संमतीनं, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवून नेणं वेगळं.

‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याबद्दल

हा सल्ला सगळेच देतात आणि तो अर्धाच असतो. आजवर ओरडल्यावर जे मिळत होतं ते मिळेनासं झालं की ओरडणं आधी वाढू शकतं. आवाज वाढतो, वेळ वाढतो, कधी नवीन प्रकार येतात. दर वेळी होईलच असं नाही, पण तयारी ठेवावी. बहुतेक घरं इथेच माघार घेतात, आणि मग एवढं ओरडलं की मिळतं, हा नवा भाव ठरतो. त्यात घरात एकजण ठाम आणि दुसरा मऊ असेल तर आणखी अवघड. कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसानं सवय सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्येच तपशिलात मांडलं होतं. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला हे सांगायला नको. दहातल्या नऊ वेळा नाही म्हणून दहाव्या वेळी आजोबांनी गुपचूप दिलं, तर ते दहावं देणं नऊ नकारांवर मात करतं.

म्हणून दुर्लक्ष करायचंच असेल तर इजा होणार नसेल तेव्हाच, वेदना हे कारण नसेल तेव्हाच, आणि नवीन साधन शिकवलेलं असेल तरच. डोकं आपटणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नये. आणि आज आपल्याला नेट धरवणार नाही हे आतून माहीत असेल, ताप आहे, पाहुणे आहेत, झोप झालेली नाही, तर पहिल्याच मागणीला देऊन टाकावं. तासाभराच्या ओरड्यानंतर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि तरीही फुटलंच तर

हट्टाचा थयथयाट आणि मेल्टडाउन बाहेरून सारखे दिसतात. हट्टात मूल मधूनमधून बघतं, कोणाचं लक्ष आहे का; हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये माणसाच्या सहनशक्तीपलीकडे सगळं साचलेलं असतं आणि हवं ते दिलं तरी थांबत नाही, कारण त्या क्षणी त्याला काही हवंच नसतं. काहीजण ओरडत नाहीत, एकदम गप्प होऊन गोठतात. तेही त्याच जातीचं आहे. फरक कळत नसेल तर मेल्टडाउनच समजून वागावं. त्यात फारसं नुकसान होत नाही.

अशा वेळी सगळं कमी करायचं. शब्द, माणसं, उजेड, अंतरातली जवळीक. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅकडॉनेल यांनी मांडलेल्या पद्धतीचा गाभाच हा आहे की समोरच्याची खळबळ उतरवायची तर आधी आपली उतरवावी लागते. समोर छाती काढून उभं राहू नये, थोडं बाजूला उभं राहावं. डोळ्यांत बघायला सांगू नये. प्रश्न विचारू नयेत, ‘काय झालं? का करतोस असं?’ याचं उत्तर त्याच्याकडे त्या क्षणी नसतं. भावंडांना दुसऱ्या खोलीत पाठवावं, टोकदार आणि काचेच्या वस्तू उचलाव्यात, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवावी. शिक्षा, समजूत, धडा यांतलं काहीही आत पोहोचत नाही.

धरून ठेवण्याबद्दल अगदी स्पष्ट: जिवाला धोका असेल, म्हणजे रस्त्यावर धावतोय, खिडकीत चढतोय, तेव्हाच आणि तेवढाच वेळ. पालथं पाडून दाबणं, छातीवर किंवा पाठीवर बसणं कधीही नाही. श्वास कोंडून माणसं दगावली आहेत.

उतरल्यावर तो दमलेला असतो, कधी ओशाळलेला. पाणी, शांतता, झोप. बोलता येणाऱ्याशी त्याबद्दल बोलायचं तर दुसऱ्या दिवशी, आणि उलटतपासणी न घेता. स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की समजून न घेता येणं दोन्ही बाजूंनी असतं: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्याला तेही कळत नाहीत. ‘मला काय करायला हवं होतं?’ हा प्रश्न आपण त्याला विचारू शकतो. उत्तरं कधीकधी चकित करणारी असतात.

घरातून निघून जाणं हा वेगळा आणि जास्त धोक्याचा प्रकार. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, वयाच्या चौथ्या वर्षानंतर निदान एकदा तरी निघून जायचा प्रयत्न केला असं ४९ टक्के मुलांच्या पालकांनी सांगितलं. पाण्याची ओढ असणारी मुलं पुष्कळ, म्हणून मूल सापडत नसेल तर जवळचं पाणी आधी बघावं, पोहायला शिकवावं, आणि शेजाऱ्यांकडे फोन नंबर आधीच देऊन ठेवावा.

वय वाढल्यावर, आणि औषधांबद्दल

पाच वर्षांचा मारतो तेव्हा आई त्याला उचलून बाजूला नेते. पंधरा वर्षांचा तोच, तेवढ्याच कारणासाठी, तिला पाडू शकतो. म्हणून ‘मोठा झाला की सुधारेल’ यावर विसंबू नये. अनोळखी माणसाला मिठी मारणं, चारचौघांत कपडे काढणं, शरीराला हात लावणं यांचे नियम लहानपणीच, ठिकाणाशी जोडून शिकवले तर सोपं जातं: हे बंद खोलीत चालतं, इथे नाही. किशोरवयात किंवा तरुणपणी एखादा हळूहळू मंदावत गेला, दारातच अडकून राहायला लागला, बोलणं-खाणं कमी झालं, तर त्याला आळस समजू नये. कॅटाटोनिया नावाची अवस्था असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

स्वमग्नतेच्या मूळ वैशिष्ट्यांवर औषध नाही. तीव्र चिडचिड आणि आक्रमकतेसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ मध्ये रिस्पेरिडोन आणि २००९ मध्ये अ‍ॅरिपिप्राझोल यांना मान्यता दिली. काहींना त्यांचा खरोखर उपयोग होतो. वजन वाढणं, गुंगी, रक्तातली साखर आणि चरबी वाढणं, चेहऱ्याच्या किंवा हातापायांच्या नकळत हालचाली हे दुष्परिणामही खरे आहेत. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१३ ची सूचना मला समतोल वाटते: इतर उपाय पुरेसे पडत नसतील किंवा वागण्याच्या तीव्रतेमुळे ते करताच येत नसतील तेव्हा औषध, तीन-चार आठवड्यांनी आढावा, आणि सहा आठवड्यांत ठळक फरक नसेल तर बंद. बंद करायचं तेही डॉक्टरांना विचारून, एकदम नाही. क्लोरीन डायऑक्साइडचं द्रावण पाजणं किंवा शरीरातले धातू काढून टाकण्याचे उपचार यांच्या जवळही जाऊ नये. पहिलं चक्क ब्लीच आहे, दुसऱ्यानं २००५ मध्ये अमेरिकेत एका मुलाचा जीव गेला.

घरच्यांनी शिकून फरक पडतो का, याची नीट तपासणी झालेली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ ते ७ वर्षांच्या १८० मुलांचे पालक दोन गटांत विभागले होते. एका गटाला स्वमग्नतेची माहिती दिली, दुसऱ्याला वर लिहिल्यासारखी कौशल्यं सरावासह शिकवली. २४ आठवड्यांनी पालकांनी नोंदवलेली चिडचिड माहिती मिळालेल्या गटात सुमारे ३२ टक्क्यांनी, तर कौशल्यं शिकलेल्या गटात सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाली होती. नुसत्या माहितीनंही बराच फरक पडला, हे या आकड्यांतलं मला जास्त आवडलेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा असाच प्रशिक्षण कार्यक्रम आहे, ९ गटसत्रं आणि ३ घरभेटींचा, आणि तो तज्ज्ञ कमी असलेल्या ठिकाणांसाठीच आखलेला आहे.

भावंडांना विसरू नये. त्यांना कुलूप लागणारं एक कपाट आणि ‘मला त्याचा राग येतो’ म्हणायची मुभा, दोन्ही हवं.

सुधारणा मोजताना ‘थांबलं की नाही’ असं बघितलं तर निराशाच होईल. किती वेळा, किती वेळ आणि किती जोरात हे वहीत वेगवेगळं बघावं. तिन्ही एकदमच कमी होतील असं नाही. महिनोन्‌महिने बरं चालून एखादा प्रकार परत आला तर पुन्हा त्याच क्रमानं जायचं. आधी शरीर, झोप. मग काय बदललं ते. कधी कारण अगदी साधं निघतं: शाळेत नवीन बाई आल्या आहेत आणि ‘थांबा’चं कार्ड म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.